तसेही मरणारच आहेत

इथे अमेरिकेत कोकनी नावाच्या माशाच्या सीझनमध्ये नदीकाठी कुणाशीही दोन मिनिटं बोला, हे वाक्य येणारच. तसेही मरणारच आहेत. पाणी न शिरणारे वेडर्स घालून मांडीभर पाण्यात उभा असलेला सत्तरीचा बाबा हे म्हणतो, पार्किंगमध्ये रॉड जोडत असलेला कॉलेजचा पोरगा हेच म्हणतो, आणि आपल्या ग्रुपमधला एखादा पहिल्यांदाच आलेला, ज्याला ट्राउट कुठला आणि सॅमन कुठला हेही धड कळत नसतं, तो अर्ध्या तासात हे वाक्य शिकतो आणि संध्याकाळी गाडीत परत मलाच ऐकवतो. वाक्य खोटं नाही, तीच तर अडचण आहे. खोटं असतं तर कधीच सोडून दिलं असतं.

कोकनी म्हणजे सॉकाय सॅमनच, फक्त समुद्रात न जाणारा. मूळ घर पॅसिफिकच्या बाजूला, अलास्का, ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन वगैरे. कधीतरी तळ्यात अडकले आणि तळ्यालाच समुद्र मानून राहिले. समुद्रातला सॉकाय हाताच्या लांबीचा होतो, हा बिचारा फूट-दीड फुटावर थांबतो कारण खायला मिळतं काय, तर डाफ्निया, म्हणजे पाण्यातले टाचणीच्या टोकाएवढे जीव, तेच गाळून गाळून खायचे. (अपवाद असतात, ओरेगनच्या वॉलोवा लेकमध्ये २०१० साली साडेनऊ पौंडांच्या वरचा एक निघाला, वर्ल्ड रेकॉर्ड.) तीन-चार वर्षं हा तळ्याच्या खोल, गार पाण्यात चांदीसारखा चकाकत फिरतो. आणि मग एका उन्हाळ्याच्या शेवटी त्याच्या अंगात काहीतरी फिरतं. खाणं बंद. मांसातला सगळा केशरी रंग कातडीत येऊन बसतो, अंग लालभडक, डोकं शेवाळी हिरवं. नराच्या पाठीवर कुबड येतं, जबडा आकड्यासारखा वाकतो, दात बाहेर येतात. तळ्यातला मासा आणि हा मासा शेजारी शेजारी ठेवले तर एकच जात आहे हे कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. मग जिथे जन्मले त्या ओढ्यात वर चढतात, अंडी घालतात आणि पुढच्या काही दिवसांत मरतात. सगळे. एकही परत जात नाही.

जन्मलेला ओढा सापडतो कसा, तर वासाने. हे शोधून काढणारा आर्थर हॅस्लर नावाचा विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीतला प्राध्यापक, आणि त्याला ही कल्पना सुचली ती गोष्ट मला फार आवडते. हा माणूस मूळचा युटाचा. सुट्टीत घरी आलेला असताना टिंपॅनोगॉस डोंगरावर चढत होता, वळणापलीकडे एक धबधबा होता, अजून दिसतही नव्हता, पण शेवाळ आणि कोलंबाइनच्या फुलांचा वास आला आणि लहानपणीच्या विसरून गेलेल्या गोष्टी धाडकन आठवल्या. मग त्याच्या डोक्यात आलं की मला एवढं होतंय तर सॅमनला का नाही होणार? पुढे प्रयोग केले, १९५१ साली पेपर आला, आणि नंतर मिशिगन लेकमध्ये कोहो सॅमनच्या पिल्लांना मॉर्फोलिन नावाच्या केमिकलच्या वासात वाढवून त्याच वासाच्या ओढ्यात परत बोलावूनही दाखवलं. एक माणूस डोंगरात घरच्या आठवणीने हळवा होतो आणि त्यातून अख्खं शास्त्र निघतं, म्हणजे परदेशात राहून हळवं होण्याचा कुणालातरी काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.

मी राहतो डेन्व्हरच्या बाजूला. कोलोरॅडोत कोकनी मूळचा नाही, १९५० च्या दशकात आणून सोडलेला आहे, म्हणजे तोही बाहेरून आलेला. डेन्व्हरहून हायवे २८५ धरायचा, केनोशा पास चढायचा, आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा असेल तर शिव्या घालायची तयारी ठेवायची कारण ॲस्पेनची पिवळी पानं बघायला अख्खं शहर तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावून सेल्फी काढत असतं. पास उतरला की साउथ पार्क. झाड नाही, झुडूप नाही, नुसतं साडेआठ-नऊ हजार फुटांवरचं पिवळं गवत आणि वारा. वारा म्हणजे काय, तर गाडीचं दार उघडताना हातातून सुटतं असा. तिथे स्पिनी माउंटन आणि इलेव्हन माइल या दोन रिझर्व्हॉयरच्या मधे साउथ प्लॅट नदीचा एक नागमोडी तुकडा आहे, म्हणायला नदी, आमच्या गावचा पऱ्या, म्हणजे ओढा, पावसात याहून मोठा होतो. सरकारी नाव चार्ली मायर्स स्टेट वाइल्डलाइफ एरिया, डेन्व्हर पोस्टमध्ये मासेमारी-शिकारीवर लिहिणाऱ्या माणसाच्या नावावरून. पण सगळे म्हणतात ड्रीम स्ट्रीम. खालच्या इलेव्हन माइलमधून कोकनी इथे वर चढतात, उन्हाळा संपता संपता पहिले येतात आणि ऑक्टोबरपर्यंत रांग चालू असते.

पहिल्या वेळी काठावर उभं राहिलात तर काही दिसत नाही. नुसतं पाणी. पोलराइज्ड चष्मा लावा, सूर्य पाठीमागे घ्या आणि घाई करू नका. आधी तळाची खडी दिसायला लागते, मग त्यातला एक लाल दगड हलतो. मग कळतं की तिथे दगड एकही लाल नाहीये.

मादी घर कसं करते ते मी एकदा काठावर पालथा पडून बघितलं, तासभर तरी असेन, कोपर सुन्न झालं होतं. ती आडवी होते, एका कुशीवर, आणि शेपटीने पाण्यात फटके मारते. खडीला फटका लागतच नाही बहुतेक, वर ओढलेल्या पाण्याबरोबर खडी उचलली जाते आणि प्रवाहाने थोडी खाली जाऊन पडते. चार-पाच फटके, मग सरळ होऊन एक गोल चक्कर, मग परत जागेवर येऊन पोटाखालचा पर खड्ड्यात घालून चाचपडते, किती खोल झालं ते बघायला. पसंत नसेल तर परत आडवी. शेपटीची कड घासून घासून पांढरी झालेली असते, काही ठिकाणी तर नुसते काटे उरलेले. शेजारी एक मोठा कुबडा नर, त्याचं काम नुसतं दुसऱ्यांना हाकलायचं, आणि तो हाकलायला गेला की मागून एक बारका नर हळूच येऊन उभा राहतो. खड्डा झाला की दोघं शेजारी येतात, अंग थरथरतं, दोघांची तोंडं आ वासलेली, दोन-तीन सेकंद. झालं. ती लगेच थोडी वर सरकते आणि नवीन खड्डा खणायला लागते, त्याची खडी वाहून मागच्या अंड्यांवर पडते. म्हणजे झाकायचं काम वेगळं करावं लागत नाही. हे असं पोटातली सगळी अंडी संपेपर्यंत. एका मादीत काहीशे ते हजार-दीड हजार अंडी असतात. आणि तिच्या मागे चार हातांवर तपकिरी ट्राउट रांगेत, जे अंडं खड्ड्यात न पडता वाहत येईल ते गट्टम.

आता या माशाला गळाला लावायचं कसं? तो तर काहीच खात नाही. पण चिडतो. डोक्यासमोरून काहीतरी लाल, केशरी, गुलाबी सारखं सारखं गेलं की नर विशेषतः एकदा तरी जबडा आपटतोच. म्हणून इथे लोक गळाला नकली माशी लावतात, बारकी लाल-केशरी अळीसारखी (निंफ म्हणतात) किंवा अंड्यासारखी दिसणारी, वरती तरंगणारा इंडिकेटर, खाली एखादा शिशाचा दाणा, आणि माशी त्याच्या नाकाच्या उंचीवरून न्यायची. जरा वर गेली तर ढुंकून बघत नाही. गळ लागला तर मजा येते, नाही म्हणत नाही, तळ्यातल्या कोकनीचं तोंड कागदासारखं असतं, ओढलं की फाटतं, पण चढणीच्या नराचा जबडा चांगला टणक झालेला असतो आणि तो प्रवाहाच्या जोरावर खाली धावतो. फक्त या प्रकारात एक चावटपणा चालतो. गर्दीतून दोरी ओढत नेली की कुणाच्यातरी पाठीत, परात, शेपटीत गळ अडकतोच, आणि मग दादा फोटो काढताना माशी कुठे लागलीये ती बाजू कॅमेऱ्यापासून लांब धरतात. ड्रीम स्ट्रीमवर असं बाहेरून अडकवणं चालत नाही. कोलोरॅडोत काही ठराविक पाण्यांवर, ठराविक महिन्यांत, फक्त कोकनीसाठी ते कायदेशीर आहे, त्याला स्नॅगिंग म्हणतात. तीन तोंडांचा मोठा गळ, त्याला शिसं, टाका आणि झटका मारा. दिवसाला दहाची मर्यादा.

स्नॅगिंग मी केलंय. क्रूर आहे म्हणून लोक नाकं मुरडतात, माझी तक्रार वेगळी आहे, ते कंटाळवाणं आहे. शिवाय शेजारच्याच्या झटक्यातून सुटलेलं शिसं कानाजवळून जातं तेव्हा हेल्मेट का नाही आणलं असं होतं.

तर, तसेही मरणारच आहेत. माझा या वाक्याला प्रश्न एवढाच असतो की कधी? अंडी घालायच्या आधी की नंतर? शेपटी पांढरी झालेली, अंगावर बुरशीचे ठिपके आलेली, पोट चपटं झालेली मादी प्रवाहाच्या कडेला कशीबशी तग धरून असते, ती दोन दिवसांनी मरणार, तिला कुणी उचललं तर कोल्ह्याचं आणि गरुडाचं जेवण गेलं एवढंच. पण पोट भरलेली मादी खाली तळ्यातून नुकतीच आलेली असते, तिचे ते शेवटचे दहा-पंधरा दिवस म्हणजे उरलेलं शिल्लक आयुष्य नव्हे, त्याच्यासाठीच तर आधीची तीन-चार वर्षं डाफ्निया गाळत काढलीयेत. त्यामुळे मी खड्ड्यावर बसलेल्या जोडीवर माशी टाकत नाही. खालच्या खोल डोहातून अजून वर सरकणारे असतात त्यांच्यावर टाकतो आणि सोडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यात पाय कुठे ठेवतो ते बघतो. खडीचा जो भाग आजूबाजूपेक्षा स्वच्छ, उजळ दिसतो, जणू कुणी ब्रशने घासलाय, तिथे खाली अंडी असतात. गळाने एक मासा जातो, बुटाने शेकडो. हे सांगितलं की लोकांना राग येतो, गळाचा विषय सोडून हा बुटांबद्दल काय बोलतोय असं वाटतं बहुतेक.

मला हा विषय एवढा का चावतो याचं कारण गावाकडचं आहे. माझं बालपण रायगडात, माणगावच्या बाजूला. पावसाच्या सुरुवातीला मासे वर चढतात त्याला तिकडे वलगण म्हणतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात चढणीचे मासे म्हणतात. मृगाचा पहिला दणका पडला, शेतं भरली, बांधावरून पाणी पऱ्यात आणि पऱ्यातून नदीत असं सलग झालं की मासे अंडी घालायला उलटे वर चढतात. शिवडे, मळे, खवली, वाम, डाकू. मग रात्री गॅसबत्ती, पुढे पुढे बॅटऱ्या, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकची खोळ, कुणाच्या हातात पाग म्हणजे फेकायचं जाळं, कुणाच्या हातात कोयता, आणि आमच्यासारख्या पोरांच्या हातात रिकामा डबा. बांधाच्या तोंडाशी मासा उडी मारायचा आणि काका तिथेच त्याला दाबायचे. पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, असली तर घरात जास्तच आनंद. हे मासे काही अंडी घालून मरत नाहीत, पाणी उतरलं की परत नदीत जातात. म्हणून तिथे सबब वेगळी होती: शेतात अडकून मरतील त्यापेक्षा आपण नेलेले बरे. आणि खरंच, पावसाने ओढ दिली की शेताच्या कोपऱ्यात चिखलात तडफडणारे मासे मी बघितलेत, म्हणजे तेही वाक्य अर्धं खरंच होतं. दरवर्षी पावसाच्या तोंडावर अंड्यांनी भरलेले मासे पकडू नका असं आवाहन असतं, समुद्रात तर जून-जुलैची मासेमारी बंदीच असते, पण बांधावर कुठला आलाय इन्स्पेक्टर. आता गावात फोन केला तर काका म्हणतात वलगण आता नावाला उरली. का उरली याची त्यांची यादी मोठी आहे, शेतात मारायची औषधं, नदीतला वाळूउपसा, मधेच बांधलेले बंधारे ज्यांच्यावरून मासा उडी मारू शकत नाही, आणि त्या यादीत कोयता सगळ्यात शेवटी येतो. मला आधी वाटायचं की काका स्वतःला वाचवतायत. आता तसं वाटत नाही, ते का ते पुढे सांगतो.

आधी हॅचरीचं, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवायच्या केंद्राचं. कोलोरॅडोतला कोकनी बहुतेक ठिकाणी स्वतःच्या जोरावर टिकत नाही, सरकार टिकवतं. त्याचं सगळ्यात मोठं केंद्र म्हणजे गनिसनजवळची रोअरिंग जुडी हॅचरी. ब्लू मेसा हे कोलोरॅडोतलं सगळ्यात मोठं रिझर्व्हॉयर, १९६६ साली धरण पूर्ण झालं. हॅचरीतून वसंतात पिल्लं ईस्ट रिव्हरमध्ये सोडतात, ती वाहत ॲल्मॉन्टला गनिसन नदीत आणि तिथून ब्लू मेसात जातात, तीन-चार वर्षं राहतात आणि शरद ऋतूत तोच वास हुंगत थेट हॅचरीच्या दारात येऊन उभी राहतात. ओढा नव्हे, सरकारी टाकी हे त्यांचं माहेर. तिथे माणसं एकेक मादी उचलतात, पोटावरून अंगठा खाली दाबत नेतात, केशरी अंडी सळसळत भांड्यात, वर नराचं पांढरं, मग पाणी. झालं पुढच्या पिढीचं. आणि अंडी काढून झालेले मासे मासेमारीचं लायसन्स असलेल्या लोकांना फुकट वाटतात. फुकट! आता ही बातमी मराठी माणसाला कळल्यावर काय होणार. कूलर घेऊन आम्ही लाइनीत.

इथे मात्र तसेही मरणारच आहेत हे वाक्य शंभर टक्के लागू पडतं, कुणालाच आक्षेप नाही, अंडी मोजून घेतलीयेत, हिशोब मिटलाय. पण मग कळतं की निसर्गाने त्या माशाला लाल केलं तेव्हा त्याची चवही कातडीबरोबरच बाहेर काढून घेतलीये. कापला की आतलं मांस फिकट, पांढरट, आणि मऊ. आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, हे बघ."

"अरे, असा कसा रंग उडालाय? जुना आहे का?"

"आज सकाळी जिवंत होता."

"मग कालवण नको करूस, विरघळेल. आणि गाबोळी कुठेय? टाकलीस की काय?"

"सरकारने घेतली."

यावर ती बराच वेळ गप्प बसली. सरकारने मासा द्यावा आणि गाबोळी ठेवून घ्यावी हा अन्याय तिला अजून पचलेला नाही. तिचं न ऐकता मी कालवण केलं, आणि खरंच दुसऱ्या उकळीला मांस सुटून आमटीत मिसळलं. मग उरलेल्यांचे कटलेट केले, उकडून काटे काढायचे, बटाटा, आलं-लसूण-मिरची, कोथिंबीर, रव्यात घोळवून तव्यावर. ते उत्तम होतात, कारण त्यात माशाला फार काही करायचं नसतं. इथले लोक धुरी देऊन ठेवतात, तेही चांगलं लागतं. गाबोळीचं म्हणाल तर चढणीच्या अगदी शेवटच्या टप्प्यातली अंडी सुटी झालेली असतात, वरचं साल चिवट, तव्यावर टाकलीत तर फटाफट उडतात आणि दाताखाली रबर. आईला हे सांगितलं नाही.

आता काकांची यादी. मोंटानात फ्लॅटहेड नावाचं प्रचंड तळं आहे. तिथे १९१६ साली कोकनी सोडले, छान रुजले, आणि शरदात ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या मॅकडोनाल्ड क्रीकमध्ये चढायला लागले. १९८१ साली त्या एका ओढ्यात लाखाच्या वर मासे चढले आणि ते खायला आलेले बॉल्ड ईगल मोजले तर ६३९. एका ओढ्यावर सहाशेच्या वर गरुड, झाडं लगडलेली. शिवाय अस्वलं, कोयोटी, ऑटर, बदकं. लोक लांबून लांबून बघायला यायचे.

आठ वर्षांनी, १९८९ साली, त्या ओढ्यात मासे मोजले. ५०. पन्नास हजार नव्हे, पन्नास.

कुणी गळ टाकून संपवले का? नाही. झालं असं की १९६८ ते १९७५ च्या दरम्यान वरच्या बाजूच्या काही तळ्यांत मायसिस नावाची बारकी कोळंबी सोडली होती, हेतू अगदी प्रेमळ, कोकनीला खायला चांगलं मिळावं, मासा मोठा व्हावा. ब्रिटिश कोलंबियातल्या कूटनी लेकमध्ये १९४९ साली सोडली होती आणि तिथल्या एका फाट्यात कोकनी खरोखर मोठे झाले होते, कारण तिथे तळाचं पाणी उथळ भागावरून वर ढकललं जातं आणि कोळंबी आयती माशाच्या तोंडाशी येते. ते एक ठिकाण बघून बाकी सगळ्यांनी कॉपी केली. फ्लॅटहेडमध्ये ती वाहत वाहत १९८१ पर्यंत पोचली. आता कोळंबी दिवसा खोल तळाशी जाते आणि रात्री वर येते. कोकनी डोळ्यांनी बघून दिवसा वरच्या पाण्यात खातो. दोघांची भेटच होत नाही! उलट रात्री वर येऊन कोळंबी कोकनीचा डाफ्निया खाऊन टाकते. आणि तळाशी बसणारा लेक ट्राउट मात्र कोळंबी खाऊन बेसुमार वाढतो, आणि मोठा झाला की कोकनी खातो. जेवणही गेलं आणि खाणाराही आला. मासे गेले तसे गरुडही गेले. नंतर कोकनी परत सोडून बघितले तर लेक ट्राउटने ते नाश्त्याला घेतले. कोलोरॅडोनेही हीच कोळंबी ग्रॅनबी, डिलन या आपल्या तळ्यांत सोडली होती, म्हणजे मोंटानाला हसायची सोय नाही. आणि ब्लू मेसात कोळंबीचा नाही पण लेक ट्राउटचा त्रास आहेच, कोकनी वाचवायचे म्हणून सरकार लोकांना सांगतं, लेक ट्राउट धरा, न्या, खा.

हे सगळं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काकांचे बंधारे आणि औषधं आठवली. ओढ्याच्या काठावर आपण गळ, कोयता, चढण, अंडी यावर भांडतो कारण तिथे मासा दिसतो, लाल दिसतो, त्याचं मरण दिसतं. तळ्यात, शेतात, कुणाच्यातरी ऑफिसात पाच-दहा वर्षं आधी जे ठरतं ते दिसत नाही. म्हणून कोयता निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पोट भरलेली मादी ती भरलेलीच. पण यादीतला काकांचा क्रम बरोबर होता.

सिएटलच्या बाजूला माझे दोन-तीन मित्र आहेत, सगळे आयटीवाले, समामिश, इसाक्वाह, रेडमंड भागात, जिथे रविवारी कॉस्टकोत मराठी जास्त ऐकू येतं. त्यांना मी कोकनीबद्दल बोललो की ते म्हणतात, तुमच्याकडे काय काय असतं यार. अरे, तुमच्याकडेच असतं! समामिश लेकमधला कोकनी आणून सोडलेला नाहीये, तो तिथला मूळचा आहे, पिढ्यान् पिढ्यांचा, तिथले मूळनिवासी स्नोक्वाल्मी लोक तो खायचे. तो वर्षाच्या शेवटी पावसाळी, काळोख्या दिवसांत चढतो, आणि चढतो कुठे तर घरांच्या मागून, रस्त्याखालच्या पाइपातून जाणाऱ्या हातभर ओढ्यांतून, एब्राइट क्रीक, लुइस क्रीक अशी नावं आहेत. संख्या इतकी पडलीये की तळ्यात चुकून लागला तरी सोडून द्यायचा असा नियम. २००७ साली त्याला फेडरल संरक्षण मिळावं म्हणून अर्ज झाला, २०११ साली नाकारला गेला. तरी काउंटी, स्नोक्वाल्मी ट्राइब, आसपासचे रहिवासी मिळून ओढ्यांखालचे अडलेले पाइप काढून मोठे करणं, हॅचरीत अंडी उबवणं असं करतायत. तिथे काठावर उभं राहून तसेही मरणारच आहेत असं कुणी म्हणून दाखवावं. एका मित्राला मी ओढ्याचं नाव पाठवलं, तर त्याचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर निघालं, सात वर्षं राहतोय. त्याने मला परत मेसेज केला, "तिथे ट्रेल आहे ना, मी रोज कुत्रा फिरवतो."

खायचाच असेल तर कोकनी जुलैत खावा, चांदीचा असताना. तेव्हा त्याचं मांस गर्द केशरी, तेलकट, घट्ट असतं, नुसतं हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर टाकलं तरी पुरतं, आणि कालवणात विरघळत नाही. पण तेव्हा तो ओढ्यात नसतो, ब्लू मेसासारख्या तळ्यात चाळीस-साठ फूट खाली असतो, बोट लागते, खोलवर दोरी न्यायला डाउनरिगर लागतो, पुढे डॉजर नावाचा चकाकता पत्रा आणि मागे गुलाबी-केशरी काहीतरी, आणि गळाच्या टोकाला, हे मी खोटं बोलत नाहीये, मक्याचा पांढरा दाणा. लसणात मुरवलेला. का चालतो हे प्रत्येक जण वेगळं सांगतो पण प्रत्येक जण लावतो. बोट अगदी सावकाश चालवायची, चालण्याच्या वेगाहूनही कमी, आणि मासा लागला तर झटका मारायचा नाही, तोंड फाटतं. माझ्यासारख्या बोट नसलेल्याने बोटवाल्या मित्राशी वर्षभर गोड राहावं. येत्या जुलैत जमतंय असं दिसतंय, लसूण माझ्याकडे, मका त्याच्याकडे, आणि आईची सूचना आधीच आलीये की या वेळी गाबोळी कुणालाही द्यायची नाही. जुलैत ती अजून बारीकच असणार, पण ते तिला तेव्हाच सांगू. कुणाला यायचं असेल तर लायसन्स घरूनच ऑनलाइन काढून या, काठावर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.